कॉलनीचं पाणी आणि मामांची पंगत

मला अपराधी वाटायला फारसं निमित्त लागत नाही. एसटीत कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी ‘माफ करा’ मीच म्हणतो. अशा माणसाच्या वाट्याला नोकरी आली ती शिरूरजवळच्या एका कारखान्याच्या कॉलनीतलं सांडपाणी शुद्ध करण्याची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माळावर कारखाने उभे राहत होते आणि कारखान्यांच्या मागोमाग साहेबांच्या कॉलन्या. साहेब आले म्हणजे संडास आले, आणि संडास आले म्हणजे त्यातून पुढे जे जातं तेही आलं. ते कुठे जातं हे साहेबांना ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. त्यासाठी मला ठेवलं होतं.

आई दौंडला. ती शेजारणींना सांगायची, ‘आमचा पाण्याच्या खात्यात आहे.’ याचा परिणाम असा व्हायचा की मी सुटीला घरी गेलो की कॅनॉलकाठचा कुणी ना कुणी शेतकरी ओट्यावर येऊन बसायचा. ‘साहेब, आमच्या चारीला पाणी कवा सोडताय?’ मी खरं सांगायला तोंड उघडायचो, तेवढ्यात आई माझ्या हातात चहाचा कप द्यायची. भरल्या तोंडाने खरं बोलता येत नाही. तो माणूस जाताना मला नमस्कार करायचा आणि मी पुढचे दोन दिवस त्याच्या उसाची काळजी करायचो.

आमच्या प्लँटमध्ये सुरुवातीलाच लोखंडी गजांची एक जाळी होती. कॉलनीचं सगळं पाणी आधी तिच्यातून जायचं आणि पाण्याला जे ओढून नेता येत नाही ते तिथे अडकायचं. शांपूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, मोजे, चिंचोके. एकदा तर एक कवळी आली. कुणाची ते विचारावं लागलं नाही, कारण मोठ्या साहेबांचे सासरे त्या आठवड्यात पेजेवर होते. मी ती कवळी उकळत्या पाण्यात धुऊन, कागदात गुंडाळून बंगल्यावर नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, पण त्यानंतर ते मला बघितलं की तोंड मिटून घ्यायचे. निर्माल्यसुद्धा यायचं. साहेब मंडळी सुसंस्कृत होती. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडतात एवढं त्यांना माहीत होतं, आणि कॉलनीत वाहतं पाणी फक्त संडासात होतं.

जाळीच्या पुढे एक चर होता. त्यात पाण्याचा वेग कमी व्हायचा आणि वाळू, राख, खडे खाली राहायचे. मग एक मोठी टाकी. तिथे पाण्याला नुसतं थांबायला लावायचं. थांबलं की जड ते आपोआप तळाला जातं. निसर्गाचा हा नियम आमच्या टाकीपुरताच होता; कारखान्याच्या ऑफिसात जड ते वरच्या मजल्यावर बसायचं.

खरं काम त्याच्या पुढच्या टाकीत चालायचं. तपकिरी, फेसाळ पाणी, आणि तळातून पंपाने सोडलेल्या हवेचे बुडबुडे. या पाण्यात जिवाणू असतात. पाण्यात विरघळलेली घाण, जी जाळीत अडकत नाही आणि तळाला बसत नाही, ती ते खातात. खाऊन वाढतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुढच्या टाकीत गेले की ते पुंजके खाली बसतात. वर नितळ पाणी राहतं. खाली बसलेल्यांतले काही परत कामावर पाठवायचे, उरलेला गाळ वाळवून खत करायचं. नितळ पाणी वाळूतून गाळायचं आणि अगदी शेवटी, सगळं आटोपल्यावर, चिमूटभर क्लोरीन द्यायचं. सगळी गंमत त्या तपकिरी टाकीत होती. ती दिसायला घाण होती, आणि कॉलनीत तेवढी एकच जागा होती जिथे घाण निघून जात होती.

दिवाळीत कॉलनी आपापल्या गावी निघून जायची. संडास बंद, म्हणजे जिवाणूंचं खाणं बंद. मग मी टाकीत गुळाचं पाणी सोडत तिथेच राहायचो. आईला फोनवर म्हणालो, ‘यांना उपाशी टाकून येता येत नाही.’ ती म्हणाली, ‘लग्न केलंस की काय?’

हे जिवाणू पहिल्यांदा आले ते मामांच्या गोठ्यातून. नव्या टाकीत विरजण लागतं तसं शेण कालवून घालावं लागतं. मामा म्हणजे माझे नव्हेत, सगळ्या गावाचे; त्यांची जमीन कॉलनीच्या कुंपणाला लागून, उताराला होती. धनगराचं घर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, मामा मात्र बांधावर बसून राहिलेले. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगे, आणि आपण बोललो म्हणजे ते खरंच अशी पक्की खात्री. मी शेण मागायला गेलो तेव्हा म्हणाले, ‘सायबांचं साफ कराय आमच्या म्हशीचं लागतंय व्हय? सांगा त्यास्नी, म्हशीच्या पाया पडा म्हणावं.’ साहेबांनी म्हशीऐवजी टाकीची पूजा केली. हवेच्या पंपाला हळद-कुंकू लागलं, टाकीच्या कठड्यावर नारळ फुटला, आणि खोबऱ्याचा एक तुकडा आत पडला तो मी नंतर जाळीने काढला.

शुद्ध झालेलं पाणी पाटाने मामांच्या रानात जायचं. त्यावर त्यांनी जनावरांचा घास केला, मका केला, शेरडं वाढवली. चैत्रात सगळा माळ जळालेला असताना तेवढाच एक तुकडा हिरवागार दिसायचा. गावाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. गाव म्हणायचं, ‘गटारावरचा घास.’ म्हणायचं, मामाच्या शेरडाला पान्हा फुटला की फेस येतो साबणाचा. मामींच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुंकू लावून घ्यायच्या आणि चहाला ‘आत्ताच झाला’ म्हणायच्या. सगळ्या गावाला चहा एकदमच कसा होतो, असं मामींनी मला एकदा विचारलं होतं. त्याच बायकांचे नवरे दिवस मावळायच्या सुमाराला विळा घेऊन मामांच्या बांधावर यायचे. ‘चार पेंढ्या द्या मामा, शेळी वरडतीया.’ शेळीला गटार चालत होतं.

या सगळ्याची पुढारकी आप्पांकडे होती. आप्पा गावातले मोठे जमीनदार, सोसायटीवर, पतपेढीवर, देवळाच्या कमिटीवर. ते कुणाला काही करू नका असं कधीच सांगायचे नाहीत. ते फक्त स्वतः काय करणार ते सांगायचे.

एकदा जत्रेच्या थोडं आधी मामा प्लँटवर आले. नेहमी फाटकातून ओरडत यायचे, त्या दिवशी गपगार आले आणि कठड्यावर बसले.

‘साहेब, बिरोबाला बोकड बोललो व्हतो. नातू चालत नव्हता, ठावं हाय ना तुमाला? आता पळतोय त्यो. नवस फेडायचाय.’

‘चांगलंच आहे की.’

‘कशाचं चांगलं! गाव जेवाय घालीन म्हणालो व्हतो. आप्पा काल देवळात म्हणालं, ज्याला जायचं त्यानं जावं, आपल्याला काय जमायचं न्हाई, पोट नाजूक हाय. झालं. आता समद्या गावाचं पोट नाजूक झालंय.’

मी म्हणालो, देवाला बोकड पोहोचला की झालं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मला लगेच अपराधी वाटलं.

‘बोकड कापल्यानं नवस फिटत न्हाई साहेब. जेवणारं जेवलं तवा फिटतो. पत्रावळ्या कोऱ्या राहिल्या तर नवस अंगावर राहतोय. तुमची मामी रडतीया घरात. पोराच्या पायाला काय झालं म्हंजी?’

मला जिवाणू कळत होते, नवस नाही.

‘तुमी येणार ना?’

‘येईन.’

‘आन् खाताल? आमचं बोकड याच पाण्यावरचं हाय बरं का.’

‘खाईन.’

‘समद्यांम्होरं, पयल्या रांगंत?’

‘पहिल्या रांगेत.’

‘मंग ठीक,’ मामा उठले. ‘पाणी करणाराच जेवला न्हाई तर दुसरा कोन जेवंल? आन् त्या दिशी पाणी जरा झ्याक सोडा. मांडव पाटाच्या कडंलाच घालतोय. सावली तिथंच हाय.’

पाणी झ्याकच होतं. त्याची काळजी नव्हती. काळजी सुभेदारांची करायला हवी होती, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

सुभेदार म्हणजे आमचे प्रशासन अधिकारी. फौजेतून निवृत्त झालेले. जे हलतं त्याला सलाम करायला लावायचं आणि जे हलत नाही त्याला चुना लावायचा, एवढ्या दोन कलमांवर त्यांनी कॉलनी चालवली होती. झाडांच्या बुंध्यांना चुना, दगडांना चुना. तेव्हा सगळीकडे आयएसओची साथ आली होती. ज्या कारखान्याकडे ते सर्टिफिकेट नाही त्याची मान खाली. आमच्याकडे तपासणीला पाहुणे येणार होते, आणि नेमके मामांच्या जेवणाच्या दिवशी.

आदल्या दिवशी मी पाणी तपासायची औषधं आणायला शिरूरला गेलो होतो. दुपारच्या एसटीने परत आलो. फाटकाशीच वास आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात येतो तसा. मी पळत टाकीकडे गेलो. तपकिरी पाणी करडं पडलं होतं. फेस नाहीसा झाला होता. कठड्यावर रिकामे डबे ओळीने उभे होते, तेही उंचीप्रमाणे, आणि त्यांच्या शेजारी सुभेदार.

‘आ गये? बघा, कसं चकाचक केलं.’

‘यात काय टाकलंत?’

‘फिनेल. और ऊपर से टीसीएल, वो ब्लीचिंग पावडर. तुमचा तो फेस हटतच नव्हता. पाहुणे काय म्हणतील? आता बघा, एक बुडबुडा मैला नाही.’

‘सुभेदार, यात जंतू होते हो!’

‘होते,’ सुभेदार छाती फुगवून म्हणाले. ‘एक नहीं बचा.’

‘अहो, तेच तर काम करत होते.’

‘कोण?’

‘जंतू.’

सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेने म्हणाले, ‘ऊन फार आहे. जा, जरा पडा.’

मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवून बघितला. एरवी त्यात एखाद्या बाजारासारखी गडबड असायची. त्या दिवशी रविवारची कचेरी. काहीही हलत नव्हतं. ज्यांना दिवाळीत मी गूळ घातला त्यांना मी औषधं आणायला गेलो असताना कुणीतरी मारलं. मी शिरूरला गेलो नसतो तर, असं मला वाटत राहिलं. आजही वाटतं. सुभेदारांना त्यातलं काहीही वाटलं नाही, आणि त्यांना रात्री झोप चांगली लागत असे.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. समजावून सांगितलं. मेलेल्या जिवाणूंचे पुंजके बसणार नाहीत, उद्या सकाळपर्यंत पाणी घाण यायला लागेल, वर फिनेलचा वास. ते पाणी पाटात सोडता येणार नाही. तिथे पंगत आहे.

साहेब फाइल बघत होते. ‘खाली कोण, ते मामाच ना?’

‘हो साहेब.’

‘मग? त्यांना सवय आहे.’

‘साहेब, त्यांना चांगल्या पाण्याची सवय आहे.’

‘एका दिवसाचा प्रश्न आहे. सोडून द्या. का आता पाहुण्यांना सांगू, पंगत उठेपर्यंत संडासाला जाऊ नका म्हणून?’

साहेब स्वतःच हसले. मीही सवयीने हसलो, आणि ते मला फार लागलं.

सकाळी पाणी मी म्हटलं तसंच झालं. शेवटच्या टाकीत करडे गोळे तरंगत होते आणि कुजकी अंडी फिनेलने धुतल्यासारखा वास होता. उतारावर मामांचा मांडव दिसत होता. चुली पेटल्या होत्या. पाट मांडवाला घासून जात होता.

आमच्याकडे कॉलनीचं सगळं पाणी जाळीच्याही आधी एका खोल विहिरीत जमायचं आणि पंपाने उचलून जाळीवर यायचं. पंप बंद तर पुढे काही जाणार नाही. फक्त विहीर भरत जाईल. विहीर भरली की पाणी नळांमधून मागे सरकेल, आणि सगळ्यात खालच्या घरात वर येईल. सगळ्यात खालचं घर म्हणजे पाहुण्यांचा बंगला. ओढ्याची हवा आणि निंबाची सावली मिळावी म्हणून तो मुद्दाम उताराला बांधला होता.

मी पंप बंद केला. मग लक्षात आलं, सुभेदार येऊन चालू करतील. म्हणून पेटीतले चिनी मातीचे फ्यूज, ज्यांना वायरमन लोक किटकॅट म्हणतात, ते उपसून पँटच्या खिशात घातले. मी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि मांडवात गेलो.

मांडवात मामांचे जावई होते, सासुरवाडीची चार माणसं होती, आणि पत्रावळ्यांचे गठ्ठे होते. रश्शाचा वास माळभर गेलेला. गाव मांडवात नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे बाभळीच्या जेमतेम सावलीत आप्पा आणि त्यांच्याभोवती सगळे बसले होते. येणार नव्हतेच, पण कोण येत नाही ते बघायला आले होते.

मी पहिल्या रांगेत एकटा बसलो. जावई मंडळी दुसऱ्या रांगेत, जरा अवघडून. खिशातले किटकॅट मांडीला टोचत होते.

‘साहेब,’ आप्पांनी पलीकडून हाक दिली, ‘तुमी तर घरचंच. तुमचं पाणी, तुमचं बोकड.’

बाभळीखाली हशा.

‘या की आप्पा,’ मामा ओरडले. ‘लांबून वास घेऊन पोट भरंल व्हय?’

‘पोट नाजूक हाय रं बाबा.’

‘काल तर वढ्याच्या कडंला बसून भेळ हाणत व्हता!’

‘भेळ कोरडी असती.’

मामी चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. नातू सगळ्यांच्या मधून पळत होता आणि त्या प्रत्येक वेळी त्याच्या पायांकडे बघत होत्या. मामांनी माझ्या पत्रावळीवर भाकरी ठेवली, रस्सा वाढला.

मी पहिला घास घेणार तेवढ्यात जीप आली. धूळ खाली बसायच्या आत सुभेदार उतरले. पायात चकचकीत बूट होते, पण पँट घोट्यापर्यंत ओली होती.

‘फ्यूज कुठे आहेत?’ ते मांडवाबाहेरून ओरडले.

‘माझ्याकडे.’

‘पंप बंद पडलाय!’

‘पडला नाही सुभेदार. मी बंद केलाय.’

‘अरे, वो बंगले में सब ऊपर आ रहा है! बाथरूममधून! पाहुण्यांच्या चपला तरंगतायत!’

मी खोटं बोलू शकलो असतो, गप्पही बसू शकलो असतो. पण माझा स्वभाव असा की विचारलं की सांगावंच लागतं. मी पत्रावळीपुढे बसून सगळं सांगितलं. फिनेल, पावडर, मेलेले जंतू, आणि हे पाणी आज इथून, पंगतीजवळून जाऊ नये म्हणून पंप बंद. जेवण होईपर्यंत देणार नाही, असंही म्हणालो. सुभेदारांना तो विद्रोह वाटला. फौजेत विद्रोहाला काय करतात ते त्यांना माहीत असणार, पण इथे मटण शिजत होतं आणि समोर बायका होत्या.

बाभळीखालून कुणीतरी विचारलं, ‘काय झालं, काय झालं?’

‘सायबाच्या मोरीतनं वर आलं म्हनं!’

‘काय वर आलं?’

‘काय म्हंजी? गेलेलं!’

गावाला राहवेना. दोघं रस्ता ओलांडून आले. मग पाच-सहा. ऐकू यायचं तर जवळ यायला हवं, आणि ऊन असं की मांडवात शिरायला हवं. मांडवात शिरल्यावर जीपच्या अंगाला उभं राहून किती वेळ ऐकणार? माणसं टेकली. सुभेदार सांगत होते, ओरडत होते, आणि जितकं ओरडत होते तितकी माणसं टेकत होती. शेवटी आप्पाही आले. पुढारी माणूस, बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नाही. ते रांगेच्या मधोमध येऊन बसले आणि सुभेदारांना म्हणाले, ‘पयल्यापासनं सांगा. म्हंजी सायबाचं सायबाच्याच घरी?’

तेवढ्यात मामांनी आपल्या मुलाला डोळा घातला. पोरांनी सपासप पत्रावळ्या टाकल्या. भाकरी आली, मागून रस्सा. आप्पांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्यापुढे पत्रावळ वाढलेली होती.

आमच्याकडे वाढलेल्या पत्रावळीवरून उठत नाहीत. भांडण असलं तरी नाही. अन्नाला पाठ दाखवली की घराला दारिद्र्य लागतं असं म्हणतात, आणि ज्याच्याकडे जितकं जास्त असतं तो त्याला तितका जास्त घाबरतो. आप्पांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळं गाव आप्पांच्या हाताकडे बघत होतं. बोटं रश्शाच्या वर लोंबकळत होती.

‘मामा,’ ते म्हणाले, ‘ते पाणी आज आलंय का हिकडं?’

‘आज न्हाई आप्पा. आज ते सायबाकडं पाव्हणं गेलंय.’

मांडव हसला. सुभेदार सोडून सगळे. आणि हसता हसता आप्पांनी भाकरी मोडली. त्यांनी मोडली आणि गावाचं पोट बरं झालं. मीही खाल्लं. खरं सांगायचं तर पहिल्या घासाला मला त्या जाळीत अडकलेलं सगळं आठवलं. दुसऱ्याला आठवलं नाही. तिसऱ्याला मी रस्सा मागितला. आप्पांनी त्याआधीच मागितला होता.

मामींना मी पहिल्यांदाच पंगतीत वाढताना बघितलं. रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत त्या स्वतः गेल्या, आणि प्रत्येकाचं बोट रश्शाला लागलेलं बघूनच पुढे सरकल्या.

सुभेदार उभेच होते. त्यांना मामांनी दोनदा म्हटलं, ‘बसा सुभेदार, जंतू न्हाईत आता, तुमीच मारलं.’ ते बसले नाहीत. बंगल्याची व्यवस्था होईपर्यंत मोठ्या साहेबांनी पाहुण्यांना इनामगावला, हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांचे उत्खननात निघालेले उकिरडे बघायला पाठवलं होतं. तिथले उकिरडे पाहुण्यांना फार आवडले म्हणे. मी हात धुतले, किटकॅट सुभेदारांच्या हातात दिले आणि त्यांच्याच जीपमधून परत गेलो. रस्ताभर सुभेदारांच्या बुटांचा वास येत होता. मला त्यांची दया आली आणि मी म्हणालो, ‘माफ करा.’

मला मेमो मिळाला. सर्टिफिकेटही मिळालं, कारखान्याला. तपासणीच्या कागदात कॉलनीच्या स्वच्छतेचं कौतुक होतं, आणि त्याबद्दल सुभेदारांचा छोटासा सत्कार झाला. बिघडलेलं पाणी कारखान्याच्या मागच्या पडीक खड्ड्यात सोडायचं ठरलं. तो खड्डा आदल्या दिवशीही तिथेच होता, पण आदल्या दिवशी वास फक्त मामांना येणार होता. मी पुन्हा शेण कालवलं आणि टाकी तपकिरी व्हायची वाट बघत बसलो.

जत्रा सरल्यावर आप्पांकडून मामांना जेवणाचा निरोप आला. गावात याला महत्त्व होतं. मामा पटका बांधून निघाले आणि वाटेत मलाही उचललं. ‘तुमी चला. तुमी असलं म्हंजी मला बोलाय बळ येतं.’ मला त्यांचं बोलणं ऐकून धडकी भरली.

आप्पांचं घर घोडनदीच्या काठाला, शिरूरच्या खालच्या अंगाला. मळ्यात विहीर, विहिरीला नदीचा पाझर. शहराची सगळी गटारं त्या नदीत उतरत होती. त्यांना ना जाळी होती, ना टाकी, ना जिवाणूंना हवा द्यायला कुणी बसलेलं. ओसरीवर गावातली मोठी माणसं जमलेली. सुनेने पितळेचे तांबे आणून ठेवले. मामांनी तांब्या उचलला, उजेडाला धरला, नाकापाशी नेला.

‘साहेब,’ मामा म्हणाले, ‘तुमी बघा बरं. चालंल का आमास्नी?’

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तांब्यात बघितलं. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण स्वच्छ दिसणारं पाणी मला कधीच फसवू शकत नाही, हे माझं दुर्दैव. मला दौंड आठवलं. तिथे आमच्या नळाला येणारं पाणी वरच्या किती गावांच्या अंगाखालून येतं हे मला ठाऊक होतं, आणि आईला मी ते कधी सांगितलं नव्हतं.

‘तपासल्याशिवाय सांगता येणार नाही,’ मी म्हणालो. खरं तेच होतं.

कुणी हसलं नाही. मामांनी आप्पांकडे बघितलं, मग तांब्या वर धरून सगळं पाणी एका दमात घशाखाली घातलं, मिशा पुसल्या आणि आत हाक मारली,

‘पोरी, आनखी आण. आन् आप्पांना बी दे. त्यांचं पोट नाजूक हाय.’